ओढण्या मोजू नका, पत्रांचं पान उघडा

दारव्ह्याकडच्या एका गावातल्या ग्रंथपाल ताईंनी विचारलंय: "आमचं 'ड' वर्गाचं छोटं वाचनालय आहे. बचत गटातल्या बारा-तेरा मुस्लिम बाया यंदा सभासद झाल्या. त्यांच्यासाठी एखादं मासिक लावावं म्हणून दोन नमुना अंक मागवले. एकाच्या मुखपृष्ठावर दागिन्यांनी मढलेली, ओढणी खांद्यावर घसरलेली नवरी. दुसऱ्यावर बाईच नाही, नुसतं गुलाबाचं फूल, आणि आत पानोपानी पडद्यावर लेख. बायांमध्येच दोन तट पडले. कुणाला पहिलं बेशरम वाटलं, कुणाला दुसरं कंटाळवाणं. अध्यक्ष म्हणतात वाद नको, मासिकच नको. यातलं कोणतं मासिक शालीनता बरोबर दाखवतं, आणि मी कोणतं लावू?"

ताई, आधी माझी ओळख सांगते, म्हणजे माझं कुठलं ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांवर सत्तावीस वर्षं शिकवलं. त्यातली अकरा वर्षं वऱ्हाडातून निघणाऱ्या एका लहान उर्दू मासिकाचं बायकांचं पान सांभाळलं. पत्रं वाचायची, निवडायची, उत्तरं लिहायची, कातिबानं, म्हणजे हातानं सुबक उर्दू लिहिणाऱ्यानं, लिहून दिलेली पानं तपासायची. पुढे कातिब गेला, संगणकावर उर्दू जुळवायचं इनपेज आलं, तरी काम तेच. ते मासिक आता बंद पडलं. शिवाय माझी एक लोखंडी पेटी आहे. तीत जुने-नवे अंक भरून मी ती मोहल्ल्यातल्या बायांत फिरवत असे. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाई, नाही, फतवा देणं माझं काम नाही. मासिकं कशी बनतात आणि बाया ती कशी वाचतात, एवढंच मी जवळून बघितलंय.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. "कोणतं बरोबर दाखवतं" हा एक, "कोणतं लावू" हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येणार नाही असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. पण पहिला टाळणार नाही, कारण अध्यक्षांना उत्तर द्यायची वेळ आली की तोच कामी येईल.

सुरुवात शब्दापासून करू. तुम्ही 'शालीनता' लिहिलंत. आमच्या घरात त्याला तीन शब्द आहेत, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. हया म्हणजे मनातली लाज, स्वतःला आवरणं. पर्दा म्हणजे रीत: कोणासमोर यायचं, कोणासमोर नाही, दारात किती वेळ उभं राहायचं. आणि हिजाब, जो आज डोक्यावरच्या कापडाला म्हणतात, तो शब्द कुरआनच्या तेहतिसाव्या सूरतीत, म्हणजे अध्यायात, आड धरलेल्या पडद्यासाठी आलाय. पैगंबरांच्या घरातल्या स्त्रियांकडे काही मागायचं तर पडद्याआडून मागा, असं तिथे पाहुण्यांना सांगितलंय. आमच्या मोहल्ल्यात घेतलेले पैसे बुडवणाऱ्या माणसाला 'बेहया' म्हणतात. पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाराही बेहया, आणि आईवर आवाज चढवणारा पोरगाही. यातल्या एकाचाही कपड्याशी संबंध नाही. हया ही ईमानची एक शाखा आहे, ही हदीस आम्ही दुसरीतल्या मुलामुलींना एकदमच पाठ करायला लावतो. मुलींना वेगळी आणि मुलांना वेगळी अशी ती नाही.

मासिकात शिरल्यावर मात्र हे तिन्ही शब्द एकाच कापडात गुंडाळले जातात, आणि ते कापड बाईच्या डोक्यावर ठेवलं जातं. माझी पहिली तक्रार ही. कुरआनच्या सूरह नूरमध्ये तिसावी आयत पुरुषांसाठी आहे: नजर खाली ठेवा, स्वतःला जपा. त्यानंतर एकतिसावी बायकांसाठी. तिच्यात नजर आहे, सावरणं आहे, ओढणी छातीवरून घेणं आहे. अकरा वर्षांत माझ्या टेबलावर पडद्याचे जेवढे लेख आले, त्यातले बहुतेक एकतिसाव्या आयतीपासूनच सुरू व्हायचे. तिसावी जणू कातिबाच्या हातून गळालेली. तिचं काय, असं मी एकदा लेखकाला पत्रानं विचारलं. उत्तर आलं की हे मासिक बायकांचं आहे, पुरुषांचं त्यात कशाला? वरवर उत्तर बिनतोड. पण मासिक बायकांचं असलं तरी घरी ते पुरुषच विकत आणत, हे मला माहीत होतं. बायकोच्या हाती द्यायच्या आधी चाळूनही तेच बघत.

आता चित्राकडे येऊ. बायकांचं मासिक काढणाऱ्या कोणत्याही मुसलमान संपादकापुढे एक पेच असतो: बायकांसाठी आहे, पण बाई दाखवायची की नाही? हा पेच आजचा नाही. लाहोरहून 1898 मध्ये 'तहज़ीब-ए-निस्वाँ' हे साप्ताहिक निघालं. सय्यद मुमताज़ अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ते काढलं, संपादन मुहम्मदी बेगम करायच्या. 1904 मध्ये अलीगढहून 'ख़ातून' निघालं, 1908 मध्ये दिल्लीहून 'इस्मत'. त्या काळात फोटो लांबच राहिला, घरातल्या बाईचं नाव छापून येणंच मोठी गोष्ट होती. शरीफ घरातल्या बायकांचं नाव परक्याच्या तोंडी यायचं नाही. म्हणून लिहिणाऱ्या 'अमक्याची मुलगी' अशी सही करायच्या. पुढे नज़र सज्जाद हैदर म्हणून गाजलेल्या लेखिका लग्नाआधी 'बिंत-ए-नज़रुल बाक़र' म्हणून लिहायच्या. शेरवानी घराण्यातल्या ज़ाहिदा ख़ातून या कवयित्रीनं तर नावाची फक्त आद्याक्षरं ठेवली: ज़े ख़े शीन. तिशीही न गाठलेलं आयुष्य, आणि उर्दू वाचणारे आजही तिला त्या तीन अक्षरांनीच ओळखतात. तेव्हा पर्दा नावावर होता. पुढे नाव उघडं झालं, मग पर्दा चेहऱ्यावर आला. रेघ सरकत राहिली, आणि प्रत्येक पिढीला आपली रेघ अनादि काळापासूनची वाटत आली. तुमच्या गटातल्या एखाद्या आजींना विचारून बघा, त्यांच्या सासूचं नाव सासऱ्यांनी कधी चारचौघांत घेतलं का. हिंदू घरातल्या आजींनाही विचारा. उत्तर सारखंच येईल.

दिल्लीच्या 'शमा' या उर्दू मासिकवाल्यांचं 'बानो' हे मासिक माझ्या पेटीत होतं, सादिया देहलवी त्याच्या संपादक होत्या. त्याचे जुने अंक माझ्याकडून परत मागून न्यायच्या बाया. ते वाचून मला पहिल्यांदा लक्षात आलं की एकाच मासिकात स्वयंपाक, शायरी, आरोग्य आणि बायकांचे हक्क सुखानं नांदू शकतात.

आजच्या मासिकांत या पेचाची साधारण तीन उत्तरं सापडतात. डायजेस्टवाले, म्हणजे गोष्टींची मासिकं काढणारे, बाई दाखवतात, आणि भरपूर दाखवतात. तुमचा पहिला नमुना त्यातलाच. मोठा गोरा चेहरा, गडद लिपस्टिक, अर्ध्या केसांवर ओढणी. याचं कारण धर्मात शोधू नका, विक्रीत शोधा. स्टेशनवरच्या स्टॉलला दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या पंधरा अंकांत आपला अंक दिसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. मुखपृष्ठ छापणाऱ्याचा आणि आतल्या गोष्टी लिहिणारीचा एकमेकांशी काही संबंध नसतो. धार्मिक सुधारणेची मासिकं बाई दाखवतच नाहीत. फूल, मिनार, उघडं पुस्तक, चंद्र, फार झालं तर मेंदी लावलेले दोन हात. आणि तिसरं उत्तर परदेशातलं, गुळगुळीत कागदावरचं. माझी भाची नागपूरला शिकते, तिनं ते मला फोनवर दाखवलं. तुर्कस्तानात 2011 मध्ये 'आला' नावाचं मासिक निघालं, त्यात डोकं झाकलेल्या मॉडेल, महागडे कोट, रेशमी स्कार्फ. अमेरिकेत तय्यिबा टेलर यांनी काढलेलं 'अज़ीज़ा' वेगळ्या वाटेनं गेलं, त्याच्या मुखपृष्ठावर मुस्लिम बाईचा चेहरा येई आणि आत तिच्या कामाची गोष्ट. आणि काही मासिकांनी कपडे दाखवायचे पण चेहरा नाही, असाही नियम केला.

भाचीला तुर्की मासिक फार आवडलं. मला त्यातला एकही कोट घालून एसटीत चढता आलं नसतं. तिला मी हलीमा एडन या सोमाली-अमेरिकन मुलीचं सांगितलं. हिजाब घालून मोठमोठ्या फॅशन मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकली आणि 2020 मध्ये स्वतःच त्या कामातून बाहेर पडली. या धंद्यात आपल्याला श्रद्धेशी तडजोड करावी लागली, असं तिचं म्हणणं होतं. कपडा पूर्ण अंगभर होता, पण तिला हवी ती हया त्या कपड्यात मावली नाही. कोणतं मासिक शालीनता बरोबर दाखवतं, हा तुमचा प्रश्न इथेच सुटायला लागतो, ताई. कापड किती आहे हे मोजून ते कळत नाही.

आता माझ्या स्वतःच्या मासिकाचं सांगते. कापसाच्या हंगामात एक अंक काढायचा होता. मी म्हटलं, मुखपृष्ठावर या वेळी वेचणी करणारी बाई टाकू. मोहल्ल्यातलीच एक खाला रोज मजुरीला जायची, तिचा फोटो काढून आणला. लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन मागे घट्ट खोचलेला, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, उन्हानं डोळे बारीक केलेले. माझ्या मते वऱ्हाडातल्या मुसलमान बाईचं याहून खरं चित्र नव्हतं. संपादकांनी फोटो बघितला आणि म्हणाले, कोपरापर्यंत हात उघडा आहे, वाचक पत्रं पाठवतील. मी म्हटलं, बाही खाली करून बोंडातून कापूस काढून दाखवा. ते हसले. अंक निघाला गुलाबाचं फूल घेऊन. खालाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपला फोटो येणार हे तिनं गावभर सांगितलेलं. अंक हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "गुलाब तो अपने गाँव में कोई लगाताच नहीं." एवढंच बोलली आणि अंक परत दिला. तो अंक माझ्याकडे अजून आहे.

त्या दिवसापासून मी मासिकांत काय आहे यापेक्षा काय नाही हे शोधायला लागले. डायजेस्टच्या कथेत घराला ड्रॉइंगरूम असते, दारात गाडी, चहा घेऊन येणारी नोकराणी. नायिका लाजते ती चुलतभाऊ लंडनहून परत आला म्हणून. डोकं झाकणारी सोशिक बहीण शेवटी जिंकते, केस मोकळे सोडणारी फटकळ बहीण शेवटी पस्तावते. हया म्हणजे जणू चांगला नवरा मिळवण्यासाठी भरायचा हप्ता. धार्मिक मासिकातली बाईही बहुतेक घरातच असते, फक्त तिथे टीव्ही नसतो. दोन्हीकडे ती मजुरीला जात नाही. रोजगार हमीच्या कामावर मुरूम उचलत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टरासमोर बसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिला संडासाला जावं लागत नाही. ज्या गावांत मी नोकरी केली, तिथे बाईच्या लाजेचा रोजचा प्रश्न हा होता: घरात संडास नाही, फटफटायच्या आत उरकून यायचं, मागून मोटारसायकलचा दिवा पडला की उठून उभं राहायचं. पोट बिघडलं तर दिवसभर सोसायचं. गेल्या दहा वर्षांत घरोघर संडास झाले, पाणी सगळ्यांत आलं असं नाही. हयेवर एवढे लेख मी तपासले, या विषयावर एकही आला नाही. मी एकदा लिहिला. 'पाकीज़ा', म्हणजे सोवळ्या, 'मासिकात असा विषय शोभत नाही' म्हणून परत आला.

जाहिरातींचंही असंच. दिखावा नको असं सांगणाऱ्या लेखाला लागून चमचमत्या खड्यांच्या अबायाची, म्हणजे अंगभर झग्याची, जाहिरात आणि त्याखाली रंग उजळ करणारी क्रीम. यावर जास्त लिहित नाही, कुठलंही बायकांचं मासिक उचला, तेच दिसेल.

मग बाया ही मासिकं वाचतात कशाला? त्या ती आपल्या पद्धतीनं वाचतात, म्हणून. पेटीमुळे मला हे बघायला मिळालं. एक सून डायजेस्टला वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायची, सासऱ्यांना मुखपृष्ठ दिसू नये म्हणून. एका सासूनं मुखपृष्ठ फाडून चुलीत टाकलं आणि उरलेला अंक रात्री स्वतः वाचून काढला, पुढच्या भागात त्या मुलीचं काय झालं असं मलाच विचारायला आली. शिवणकाम करणाऱ्या आपा मुखपृष्ठावरच्या नवरीची बाही तेवढी बघायच्या. गळा स्वतःच्या मनानं दोन बोटं वर घ्यायच्या आणि ईदला तोच ड्रेस अर्ध्या मोहल्ल्याच्या अंगावर. बेशरम मुखपृष्ठाचा शालीन ड्रेस कसा होतो हे मी त्यांच्या मशीनवर बघितलंय. धार्मिक मासिकातली दुआ वहीत उतरवून घ्यायच्या, पडद्याचा लेख नेमका वगळायच्या आणि शेवटच्या पानावरची लोणच्याची कृती फाडून न्यायच्या. पुढच्या बाईला अंक जायचा तो भोकाचा.

आणि सगळ्या बाया, अगदी सगळ्या, आधी उघडायच्या ते पत्रांचं पान.

माझी आजवरची कमाई म्हणजे ते पान. पत्रावर नाव नसायचं. 'एक बहन, ज़िला वाशिम' एवढंच. नवऱ्याच्या नकळत लिहिलेलं, शाळेतल्या मुलीच्या हस्ताक्षरात, पाठपोट कागदावर. बायांच्या मनात हयेचे खरे प्रश्न काय आहेत ते तिथे कळायचं. बँकेच्या पासबुकाला फोटो लागतो, चेहरा उघडा लागतो, फोटो काढणारा पुरुष आहे, काय करू? बाळंतपणाला लेडी डॉक्टर फक्त शहरात आहे, घरचे म्हणतात इथल्याच दवाखान्यात चल, मला लाज वाटते. मुलगी आठवीत आहे, पुढची शाळा सात किलोमीटरवर, बुरखा घालून सायकल चालवता येते का? पासबुकाच्या पत्राला मी लिहिलं होतं, फोटो काढा, सोबत नणंदेला न्या, आणि खातं स्वतःच्या नावाचं ठेवा. त्यावर महिनाभर आभाराची पत्रं येत होती. सायकलच्या पत्राला मात्र उत्तर वाचकांनीच दिलं. मंगरुळपीरकडच्या एका बहिणीनं लिहिलं की सलवार-कुर्त्यावर लांब सुती कोट घालायचा, खालची दोन बटणं सोडून ठेवायची, चेन बाजूची जाळी पक्की बसवून घ्यायची. एवढं उपयोगी उत्तर मला सुचलं नसतं.

याच पानानं मला त्रासही दिला. एका मुलीनं लिहिलं होतं की मोठा दीर येता-जाता बघतो, दारातून हटत नाही, काही बोललं तर घर मोडेल. मी उत्तरात तिसावी आयत लिहिली, आणि नवऱ्याला किंवा सासूला विश्वासात घे, एकटी राहू नकोस असं लिहिलं. छापून आलं ते उत्तर वेगळंच होतं: तिनं घरातही पूर्ण झाकून राहावं आणि सब्र करावं. खाली माझं नाव तसंच. मी नंतर सहा महिने पान केलं नाही. परत का गेले, तर पत्रं येतच राहिली म्हणून.

तेव्हा माझ्यापुरतं मोजमाप असं आहे. मासिक शालीनता कशी दाखवतं हे बघायचं तर तीन ठिकाणी बोट ठेवते. ते पुरुषाकडून काही मागतं का? कष्ट करणारी बाई त्यात दिसते का, निदान गोष्टीत? आणि वाचणारीला उलट बोलायला जागा आहे का? तिन्ही आहेत असं मासिक मला विरळाच भेटलं. एक जरी असलं तरी मी ते पेटीत ठेवलं, मुखपृष्ठावर गुलाब असो की नवरी.

अध्यक्षांना काय सांगायचं ते आता सोपं आहे. त्यांना वाटतंय हा मुसलमानांचा आतला वाद आहे, आपण त्यात पडू नये. त्यांना एवढंच विचारा की मराठी मासिकांच्या दिवाळी अंकावर नऊवारीतली बाई येते, ती तशी शेतात दिसते का? पाटलाच्या सुनेनं ओसरीवरून जाताना पदर घ्यायचा की नाही, यावर याच गावात भांडणं झालीच असतील. लाजेचं ओझं एकट्या बाईवरच का, हा प्रश्न आमच्या बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये छापून विचारला, 'स्त्रीपुरुष तुलना' मध्ये. त्या मराठा घरातल्या होत्या. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत दारव्ह्याच्या चौकात उभं राहून बघा. स्कूटीवरच्या प्रत्येक पोरीचं तोंड डोळ्यांपर्यंत दुपट्ट्यात बांधलेलं. त्यातली कोणती कोणाची हे आईलाही ओळखू येत नाही. कापडाचा अर्थ कापडात नसतो, हे वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळ्यानं शिकवून ठेवलंय. फोटो बघून निकाल लावायचा मोह झाला की मी हा चौक आठवते.

आता 'कोणतं लावू' याकडे. इथे बरंच काही तुमच्या गावावर अवलंबून आहे. सगळ्यात आधी लिपी. तुमच्या बारा-तेरा जणींत उर्दू शाळेत शिकलेल्या किती आणि मराठी शाळेत शिकलेल्या किती हे मोजा. आमच्याकडे चाळिशीपुढच्या उर्दू वाचतात, विशीतल्या कित्येकींना बोलता येते पण वाचता येत नाही, त्या मराठीच वाचतात. एकच उर्दू मासिक लावलंत तर तरुण मुली बाहेर राहतील, आणि नंतर 'मुस्लिम बायांना वाचायची आवड नाही' असा शेरा वाचनालयाच्या वहीत जाईल. एखादी मोठ्यानं वाचणारी असेल तर मात्र गणित बदलतं. माझ्या पेटीतले निम्मे अंक कानांनीच वाचले गेले.

दुसरं, दोन्ही नमुने ठेवा. एक वर्षाची वर्गणी कशाचीच भरू नका, सुटे अंक आणा. डायजेस्ट एक, धार्मिक एक, आणि मराठी बायकांचं एखादं, तेही याच बायांसमोर. अनुदान तुटपुंजं असतं हे मला माहीत आहे. बचत गटाला विचारा, महिन्याला पाच-पाच रुपये त्या आनंदानं काढतील, आणि मग अंकावर हक्कही त्यांचाच राहील. तीन महिन्यांनी कोणता अंक जास्त मळलाय ते बघा. मळलेला अंक खोटं बोलत नाही.

तिसरं थोडं नाजूक आहे. वाद झाला तेव्हा तुम्ही बायांना मत विचारलंत, ते बरोबरच. पण चारचौघांत विचारलंत का? 'हे बेशरम आहे' असं कोणी आधी बोललं की दुसरी 'मला आवडलं' म्हणू शकत नाही, मग ती कितीही वाचत असो. कोणत्याही बाईला आपल्या समाजाच्या वतीनं उत्तर द्यायला उभं करू नका. मशिदीच्या कमिटीकडे तुम्ही होऊन विचारायला जाऊ नका, आणि त्यांच्यातलं कोणी आलंच तर चहा पाजून तिन्ही अंक समोर ठेवा. धार्मिक अंक त्यात दिसला की निम्मा राग तिथेच उतरतो, असा माझा अनुभव आहे. सगळीकडे उतरेल याची हमी देत नाही. एका गावात मला पेटी दोन वर्षं बंद ठेवावी लागली होती.

आणि डायजेस्टचं मुखपृष्ठ कोणाला घरी नेताना अडचणीचं वाटत असेल तर टेबलाच्या खणात जुनी वर्तमानपत्रं आणि डिंक ठेवा. काही न बोलता ठेवा. ज्यांना लागेल त्या घेतील. याला पडद्याचा विजय किंवा पराभव समजू नका, सासू-सासऱ्यांच्या घरात वाचन टिकवायची ती युक्ती आहे.

शेवटचं काम बिनपैशाचं आहे. मासिकांतलं पत्रांचं पान आता मरत चाललंय, सगळं फोनवर गेलं. तुम्ही वाचनालयात एक वही ठेवा. वाचून झालं की ज्याला जे वाटेल ते लिहायचं, नावाशिवाय. 'ही गोष्ट खोटी आहे, असा दीर नसतो' असं कोणी लिहिलं की दुसरी खाली लिहिते 'असतो'. माझ्याकडे अशा चार वह्या भरल्या. हयेबद्दल मला जे कळलं ते छापील अंकांपेक्षा या वह्यांतून जास्त कळलं.

दुपारी दोन ते चार वाचनालय उघडं ठेवता आलं तर बघा, संध्याकाळी बाया येणार नाहीत. आत्ता वेचणी चालू असेल तर घाई करू नका, तूर सोंगून झाली की त्या थोड्या मोकळ्या होतात. आणि वही दोनशे पानी घ्या. उर्दूवाल्या उजवीकडून लिहीत येतात, मराठीवाल्या डावीकडून, आणि शंभर पानी वहीत मधली पानं कोणाची यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं.